रविवारची सुट्टी

स्कॉटलंडांत सेंट अँड्र्यूज येथें गोल्फ खेळावयास जाण्याचा आम्हां आठ मित्रांचा बेत ठरला. एकच घर भाड्यानें घ्यावें, यावर दुमत नव्हतें. वाद निघाला दिवसांचा. तेथील ‘ओल्ड कोर्स’वर दोन दिवस अगोदर चिठ्ठ्या टाकून पाळी ठरते, आणि रविवारीं एरव्हीं खेळच बंद! तेव्हां घर सोमवारपासून घ्यावें, भाडें वांचेल, असें मीं सुचविलें. (हिशेब माझ्या हातीं देण्याची चूक मित्रांचीच.) गुडघ्यांमुळें खेळ सुटलेले आमचे अण्णा केवळ सोबतीस येणार होते. ते हळूच म्हणाले, “रविवारीं तें मैदान सर्वांना फिरावयास मोकळें असतें.”

मीं कागद फाडला. घर शनिवारपासून घेतलें. तळमजल्यावरची खोली अण्णांची.