साडेचारशेचे ब्रेक पॅड

कुंभार्ली घाट उतरताना जळका वास आला तेव्हा मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. घाटात तो वास नवा नाही. मागच्या सीटवर अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, कराडच्या डॉक्टरांची फाइल मांडीवर धरून डुलक्या घेत होत्या. शेजारी धाकटी मुलगी. थोड्या वेळाने ट्रक मागे पडला, वास मात्र आमच्याबरोबरच राहिला. मग एका वळणाआधी मी ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं कडक लागलं आणि गाडी हवी तेवढी हळू होईना.

थांबली, अल्हम्दुलिल्लाह. दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत कशीबशी डोंगराच्या बाजूला घेतली. पुढच्या चाकांतून धूर निघत होता. मुलगी पाण्याची बाटली घेऊन धावली, तेवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकचे ड्रायव्हर ओरडले, "पाणी नको! डिस्क वाकडी होईल, तडा जाईल." त्यांनी चाकाजवळ वाकून वास घेतला आणि मला विचारलं, "ताई, कितव्या गिअरमध्ये उतरत होता?"

"चौथ्या."

ते काही बोलले नाहीत. मान हलवली, बस. जाताना एवढंच सांगून गेले, की घाट ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा असतो.

आम्ही पाऊण तास तिथेच बसून राहिलो. अम्मी म्हणाल्या, "सफरची दुआ पढली होतीस ना?" मी हो म्हटलं. "मग ऊंट बांधायचा राहिला असेल." हा टोमणा होता की दिलासा, हे मला अजून कळलेलं नाही.

दोष निम्मा माझा होता, हे आधीच कबूल करते. आमची वॅगनआर आणि तीन माणसं मिळून हजार-अकराशे किलोंचं ओझं होतं. ते घाटावरून खाली येताना जी ताकद सुटते ती कुठेतरी जायलाच हवी. खालच्या गिअरमध्ये असलो तर बराचसा भार इंजिन धरतं. चौथ्यात असलो तर सगळा भार पुढच्या दोन चाकांतल्या, तळहातात मावणाऱ्या चार पट्ट्यांवर येतो आणि त्याची उष्णता होते. पण उरलेला निम्मा दोष त्या पट्ट्यांचा, आणि त्या निवडल्या होत्या मीच. सात-आठ महिन्यांपूर्वी एका दुकानात, साडेचारशे रुपयांत. "सगळा माल सेमच असतो मॅडम, डब्यावरच्या नावाचे पैसे घेतात," असं दुकानदार म्हणाला होता आणि मला ते पटलं होतं. महिनाअखेर होती, शिवाय रोजचं अप-डाऊन सपाट रस्त्याचं. घाट तेव्हा डोक्यातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाडी अगदी सावकाश गॅरेजला नेली. तिथले चाचा आमच्या गाड्या वीस वर्षं बघतात. त्यांनी चाक काढलं, पॅड काढून माझ्या हातात दिले. मला वाटलं होतं झिजून संपले असतील. तसं नव्हतं. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटर जाड असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलायचा. हे अजून सहा-सात होते. पण वरचा भाग काचेसारखा गुळगुळीत होऊन चमकत होता. चाचांनी त्यावरून नख फिरवलं. "जळालाय. हा आता डिस्कला धरत नाही, नुसता घसरतो." पॅडमधले सगळे कण एका रेझिनने बांधलेले असतात. पॅड फार तापला की ते रेझिन जळतं, त्याचा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये येतो आणि पकड जाते. म्हणून पेडल कडक, पण गाडी थांबत नाही. चाचांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून ठेवली आहे: पेडल कडक राहून गाडी थांबली नाही तर पॅड तापलेत; पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं तर ब्रेक ऑइल उकळलंय किंवा गळतंय. दोन्ही आजार वेगळे, दोन्हींचं औषध वेगळं.

चाचांच्या हाताखाली आता माझाच एक जुना विद्यार्थी काम करतो. दहावीनंतर शाळा सुटली. वर्गात मराठीच्या तासाला त्यानेच विचारलं होतं, "टीचर, ब्रेकला मराठीत काय म्हणतात?" मी फळ्यावर 'गतिरोधक' लिहिलं, तर मुलं हसली. गतिरोधक म्हणजे रस्त्यावरचा उंचवटा, हे पाचवीच्या पोरालाही ठाऊक असतं. उर्दूतही ब्रेक ब्रेकच आहे. मी गुपचूप फळा पुसला होता.

तर त्या मुलाने हवेचा पाइप घेतला आणि ब्रेकमधली काळी धूळ उडवायला लागला. त्याच्या तोंडावर कापडसुद्धा नव्हतं. मी शाळेतल्या आवाजात ओरडले, "बंद कर!" तो दचकला, चाचाही दचकले. ब्रेकच्या लायनिंगमध्ये वर्षानुवर्षं ॲस्बेस्टॉस वापरलं गेलं. त्याचे तंतू फुप्फुसात बसतात आणि त्याचा कर्करोग वीस-तीस वर्षांनी वर येतो. चांगल्या कंपन्या आता डब्यावर 'ॲस्बेस्टॉस-फ्री' छापतात. माझ्या साडेचारशेच्या डब्यावर काय होतं? काहीच नाही. त्यात ते होतं असं मी म्हणत नाही, पण नव्हतं असंही त्या डब्याने मला सांगितलेलं नाही. आणि ती धूळ मी नाही, हा पोरगा खाणार होता. चाचांनी ओलं फडकं दिलं. मुलाने तोंड वाकडं करून पुसायला घेतलं.

आता नवे कुठले घ्यायचे? माझे मिस्टर कुवेतला असतात. त्यांनी तिथून सिरॅमिक पॅडचे तीन व्हिडिओ पाठवले. पुतण्याचं म्हणणं सेमी-मेटॅलिक टाक, घाटात तेच. चाचा म्हणाले, "कंपनीने जे दिलं होतं ते टाका, झोप लागेल."

मी शिक्षिका आहे. मला तिन्ही उत्तरं तपासल्याशिवाय गुण देता येत नाहीत.

ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, आवाज करत नाहीत, डिस्कला जपतात, पण झिजतात लवकर आणि त्यातले स्वस्त फार लवकर हार मानतात. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचा चुरा, तांब्याचे तंतू वगैरे असतात. उष्णता चांगली सहन करतात, मात्र थोडे कुरकुरतात, धूळ जास्त आणि डिस्कही जास्त खातात. सिरॅमिक शांत, धूळ कमी, किंमत जास्त. ज्यांच्या गाडीला चकचकीत अलॉय व्हील आहेत त्यांना त्या कमी धुळीचं कौतुक. माझ्या चाकांवर प्लास्टिकच्या टोप्या आहेत, त्यातली एक हरवलेली. शिवाय 'सिरॅमिक' हा शब्द डब्यावर छापायला काही लागत नाही, आत काय आहे ते वेगळंच असू शकतं.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती पॅडवरची दोन इंग्रजी अक्षरं. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला बारीक आकडे-अक्षरांची एक ओळ असते, तिच्या शेवटी ती येतात. पहिलं अक्षर साध्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. 'ई' म्हणजे घर्षणाचं प्रमाण ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे त्याहून वर. 'एफएफ' असेल तर पॅड तापल्यावरही त्याच पट्ट्यात राहतो. 'एफई' असेल तर तापल्यावर पकड घसरते. हे काही पूर्ण प्रगतिपुस्तक नव्हे. पॅड किती टिकेल, किती आवाज करेल, हे त्यातून कळत नाही. पण घाटातून अम्मींना नेणाऱ्या बाईला दुसरं अक्षर माहीत असायला हवं. माझ्या जळलेल्या पॅडवर अशी ओळच नव्हती.

मग गाडीच्या कागदांवरचा चेसिस नंबर घेऊन मी पार्ट्सच्या दुकानात गेले. वॅगनआर म्हटलं की झालं, असं नसतं. मॉडेल बदलतं तसा पॅडचा आकारही बदलू शकतो. काउंटरवरचा माणूस माझ्या मागे कोणी आहे का ते पाहत म्हणाला, "मिस्टर नाही आले?" "ते कुवेतला आहेत. ते येईपर्यंत ब्रेक न लावता चालवू का?" मग मात्र त्याने मुकाट्याने नंबर टाइप केला. कंपनीचा जेन्युइन सेट साडेबाराशेच्या घरात, रानेचा त्याहून थोडा कमी. मी दोन्ही डबे उघडायला लावले, अक्षरं वाचली, होलोग्राम, छापील किंमत, पार्ट नंबर पाहिला आणि पक्कं बिल मागितलं. जेन्युइन घेतला. रानेचाही चालला असता. डब्याच्या नावापेक्षा तो डबा खरा आहे याची खात्री जास्त मोलाची, आणि इथे ती मला बिलासकट मिळत होती. दोन सेटमधला फरक आठशे रुपयांचा. रोज माझ्याबरोबर तीन सहकारी शिक्षिका बसतात, पेट्रोलचे पैसे वाटून घेतो. त्या बिचाऱ्यांनी मला कधी विचारलं नाही की ब्रेक कुठला आहे. अमानत अशीच असते, न विचारता सोपवलेली.

बाकी काम चाचांनी केलं. एका बाजूचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला होता, म्हणजे कॅलिपरची पिन जाम. २०२१च्या जुलैच्या पुरात गाडीची चाकं बुडाली होती, गंज तेव्हापासूनचा असावा. पिना साफ करून ग्रीस लावलं. डिस्कवर निळसर डाग होते, पण तडा नव्हता आणि जाडी पुरेशी होती. ब्रेक ऑइल चहासारखं काळं झालं होतं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग लवकर उकळतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. टाकीच्या झाकणावर जे डॉट लिहिलंय तेच भरलं. मागच्या ड्रमचे शू ठीक निघाले. गाडी जॅकवरून उतरल्यावर मी लगेच चावी फिरवणार, तोच माझा विद्यार्थी म्हणाला, "टीचर, आधी पेडल मारा. चार-पाच वेळा." खरंच, पहिल्यांदा पाय थेट तळाला गेला. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो. पेडल न मारता गाडी काढली असती, तर समोरच्या रिक्षेलाच भेटले असते.

रविवारी फज्रनंतर मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून पंधरापर्यंत हळूहळू ब्रेक, मध्ये थोडं अंतर जाऊ द्यायचं, असं दहा वेळा केलं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळला. नवे पॅड डिस्कवर नीट बसायला हे लागतं. मागच्या वेळी हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात अम्मींची पुन्हा तपासणी होती. परत येताना हेळवाकच्या पुढे घाट सुरू झाला तेव्हाच मी दुसरा गिअर टाकला. इंजिन घुमत होतं, मागून एक जीप सारखा हॉर्न वाजवत होती. अम्मी म्हणाल्या, "एवढी हळू का?" मी म्हटलं, "ऊंट बांधलाय, म्हणून." पोफळीला उतरल्यावर गाडी बाजूला घेतली, खाली वाकून चाकाजवळ वास घेतला. काही नाही. अम्मींनी काच खाली केली आणि विचारलं, आता निदान चहा तरी मिळेल का.