नहराचा रस्ता आणि माझी एक जुनी बातमी

डिप्लोम्याला माझ्यासोबत असलेला एक मित्र पुण्याला आहे. पत्रकारिता सोडून तो कधीच कंपनीत लागला. आता पोट कमी करायला सायकल चालवतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "अरे, तुमच्या गोंदियाकडे ग्रॅव्हल रूट मस्त असतील ना?"

मी विचारलं, ते काय असतं? तर म्हणे, डांबर नसलेला, गाड्या नसलेला, मुरूम-खडीचा रस्ता. बाजूला तलाव पाहिजे, जंगल पाहिजे, नदी पाहिजे. युरोप-अमेरिकेत लोकं यासाठी सुट्ट्या काढतात.

मला हसू आवरेना. म्हटलं, बाबा रे, असल्या रस्त्यांविरुद्ध बातम्या लिहिण्यात माझी अर्धी उमर गेली. 'खडीकरणानंतर डांबरीकरण रखडले', 'मुरूम वाहून गेला, गावकरी त्रस्त', हे मथळे मी झोपेतही देऊ शकतो. आणि तू त्यासाठी पुण्यावरून येणार?

तर तो आला. महाराष्ट्र एक्स्प्रेसमधून नाही, स्वतःच्या गाडीने, सायकल मागे बांधून. सायकलची किंमत ऐकली तेव्हा माझी फटफटी मला बिचारी वाटायला लागली. मी आपली जुनी चोवीस इंची सायकल काढली, चेनला तेल घातलं. दोन दिवस फिरलो. त्या दोन दिवसांत जे डोक्यात शिरलं ते लिहितो आहे. थोडं लांब आहे, सवडीने वाचा.

पहिल्या दिवशी नवेगावबांध. या तलावाबद्दल आपल्याला शाळेपासून माहीत आहे. कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, भोवती सात बहिणींचे डोंगर, मारुती चितमपल्लींमुळे महाराष्ट्रभर नाव झालं. पण सायकलवरून एक गोष्ट कळते जी गाडीतून कळत नाही. नवेगावचा तलाव एकटा नाही. त्याच्या अवतीभवती गावागावाला तलाव, तलावाखाली बोडी, बोडीखाली धानाचे बांध. कोहळी समाजाने अडीच-तीनशे वर्षांपूर्वी उताराचा अंदाज नुसत्या नजरेने घेऊन हे केलं. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि त्यांचं नाव झालं 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी. बाहेरच्या माणसाला वाटतं कुण्या मामाने बांधले.

तर या तलावांना जोडणाऱ्या पांदणी आहेत, आणि तलावाच्या पाळीवरून जाणारी वाट असते. बैलबंडीसाठी झालेली वाट असल्याने चढ कुठेच अंगावर येत नाही. धान कापून झालेलं, पुंजणे रचलेले, मध्येच एखादं मळणीयंत्र घरघरतं, बाकी शांत. मित्र दर दहा मिनिटांनी थांबून फोटो काढत होता. मी म्हटलं हा तर खंडूच्या शेतात जायचा रस्ता आहे, याचा काय फोटो काढतो? (खंडू हे नाव बदललेलं आहे, नाहीतर तो फोन करेल.)

इथे एक सांगितलंच पाहिजे, कारण ही पोस्ट वाचून कुणी सायकल घेऊन जंगलात घुसू नये. नवेगाव-नागझिरा हा डिसेंबर २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. गाभा क्षेत्र सायकलीसाठी नाही, तिथे परवानगीच्या गाडीनेच जायचं. जंगलाला लागून असलेल्या वाटांवरही सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यावर जायचं नाही. मोह पडायच्या दिवसांत तर मुळीच नाही. मोहाखाली आपल्या आधी अस्वल पोचलेलं असतं. आपल्या बाया दरवर्षी हे जीव मुठीत धरून करतात, त्यांना पर्याय नाही. आपल्याला आहे.

मग मोठ्या रस्त्याने का नाही? त्याचं उत्तर माझ्या डाव्या कोपरात आहे. सहा वर्षांपूर्वी कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे सायकलने येत होतो. मागून टिप्पर आला. लागला नाही, नुसत्या हवेने मला खाली घातलं. टिप्पर थांबलाही नाही. कोपर अजूनही पूर्ण सरळ होत नाही. आणि माणसाचं सोडा, ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात भरधाव कारने वाघाला उडवलं. त्या जखमी वाघाचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, फॉरवर्ड केला. तो वाचला नाही. जिथे वाघ सुखरूप रस्ता ओलांडू शकत नाही तिथे सायकलवाल्याने काय करावं?

दुसऱ्या दिवशी आम्ही इटियाडोहच्या नहराने निघालो. खरी गोष्ट इथून सुरू होते.

गाढवी नदीवरच्या या धरणाचं पाणी आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून पुढे भंडारा, गडचिरोलीपर्यंत जातं. कालव्याच्या काठाने देखरेखीचा रस्ता असतो. मुरमाचा, सपाट. पाणी उतारानेच वाहणार, तोही अगदी थोड्या उताराने, म्हणून त्याच्यासोबतचा रस्ताही तसाच. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाचे बांध. गोठणगावजवळच्या तिबेटी कॅम्पमध्ये चहा घेतला. १९७२ पासून हे लोक इथे आहेत, आपल्यातल्या कित्येकांनी त्यांच्याकडून स्वेटर घेतले असतील, पण त्यांच्या वस्तीत जाऊन किती जण बसले? मित्र म्हणाला, "नहर, जंगल, तिबेटी मंदिर, हे सगळं एका दिवसात सायकलवर. तुला कळतंय का तुमच्याकडे काय आहे?"

परतताना त्याने एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत चेसापीक आणि ओहायो नावाचा जुना कालवा आहे. त्याच्या काठाने खेचरं चालत आणि दोराने बोटी ओढत. १९२४ ला कालवा बंद पडला. पुढे तिथे मोटाररस्ता करायची योजना आली, आणि १९५४ च्या जानेवारीत वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेख लिहून तिला पाठिंबा दिला. तेव्हा विल्यम डग्लस नावाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी संपादकाला पत्र लिहिलं की लिहिणाऱ्याने माझ्याबरोबर हा काठ एकदा पायी चालावा. अंतर जवळपास ३०० किलोमीटर. पोस्टचे लोक गेले, काही अंतर चालले. न्यायमूर्ती आणि आणखी मोजके जण पूर्ण चालले. पोस्टने आपलं मत बदललं. आज तो काठ राष्ट्रीय उद्यान आहे, लाखो लोक तिथे पायी आणि सायकलने जातात. मोटार नाही.

मित्राला वाटलं मी दमलो म्हणून गप्प झालो.

२०११ मध्ये मी एक बातमी केली होती. 'नहर मार्ग रहदारीसाठी केव्हा खुला होणार?' तेव्हा आमच्या भागात नहराच्या रस्त्यावर लोखंडी फाटक होतं, कुलूप लावलेलं. बाजूने सायकल आणि फटफटी निघायची, मोठी गाडी नाही. मी लिहिलं की विभाग जनतेची अडवणूक करतो. बाजूला फाटकाचा फोटो. महिन्याभरात फाटक गेलं. गावात माझा नारळ-शाल देऊन सत्कार झाला. ती शाल अजून आहे.

फाटक गेलं आणि काही वर्षांत रेतीचे टिप्पर आले. मोठ्या रस्त्यावर तपासणी असते, नहरावर कोण तपासणार? आधी रात्री, मग पहाटे, आता दिवसाही. पाळ दबली, मुरमात गुडघाभर नाल्या पडल्या, एका ठिकाणी पाळ खचून पाणी धानात शिरलं. त्याचीही बातमी मीच केली, 'निकृष्ट कामामुळे नहर फुटला'. टिप्परचा उल्लेख त्यात नव्हता, फाटकाचाही नव्हता.

माझ्या ताईचं गाव याच नहरावर आहे. भाची नववीत आहे. तिला मानव विकासची सायकल मिळाली. तिच्यासोबत गावातल्या चार मुली नहराच्या रस्त्याने शाळेत जायच्या, डांबरी रस्त्याने फेरा पडतो आणि तिथेही ट्रक आहेत. पावसाळा संपल्यावर एका सकाळी टिप्पर समोरून आला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार. मुली सायकलीसकट उताराकडे उतरल्या, एकीचा पाय मुरगळला. दुसऱ्या दिवसापासून जावयांनी भाचीची सायकल बंद केली. आता ती बसची वाट पाहते. बस चुकली की शाळा चुकते. सायकल सपरीत उभी आहे, तिच्या कॅरिअरवर कोंबडी बसते.

तेव्हा ताईच्या घरी गेलो होतो. भाचीने विचारलं, "मामा, याची बातमी नाही येत का जी?" मी म्हटलं, बघतो.

आता काय करायचं? फाटक परत लावा म्हणायला गेलो तर ताईच्या शेजारचे काका भडकले. "तुमाले सायकल चालवाले रस्ता पाहिजे, आमाले हार्वेस्टर न्याले पाहिजे. तुमी आता पुन्हा कुलूप लावाल तं धान का डोक्यावर आनू?" त्यांचं बरोबर आहे. मुरमाच्या रस्त्याचं कौतुक ज्याच्या घरी डांबर आहे त्यालाच परवडतं. गावाला पक्का रस्ता पाहिजेच. अ‍ॅम्बुलन्स दारात आली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गावाचा रस्ता चांगला करा आणि नहराची पाळ पाळच राहू द्या.

यावर उपाय फार मोठा नाही. लोखंडी कमान, ठराविक उंचीची. खालून सायकल, फटफटी, अ‍ॅम्बुलन्स, ट्रॅक्टर जाईल, टिप्पर अडेल. शहरात जुन्या पुलांवर लावतातच की. वरचा दांडा फिरता ठेवा, कुलूप लावा, किल्ली ग्रामपंचायतीत. धान कापायच्या दिवसांत हार्वेस्टरसाठी उघडा. काका म्हणाले, "किल्ली सरपंचाजवळ नको, कोतवालाजवळ ठेवा." का ते मी विचारलं नाही.

ट्रॅक्टरनेही रेती जाते हे मला माहीत आहे. कमानीने सगळी चोरी थांबणार नाही. पण ट्रॅक्टर आला तर मुलगी सायकल बाजूला घेऊन उभी राहू शकते.

मित्राला यात पर्यटन दिसतं. होम स्टे, नकाशे, पाट्या. झालं तर बरंच, चार पोरांना काम मिळेल. पण मला त्याची घाई नाही, आणि पाटी लागली की तिच्या उद्घाटनाला किती गाड्या येतील याचीच धास्ती वाटते.

तर मी एक करतो आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, ऊन पडल्यावर, अर्जुनीवरून नहराच्या रस्त्याने ताईच्या गावापर्यंत सायकलने जायचं. लोकप्रतिनिधींना, संबंधित विभागाच्या अभियंत्यांना, तालुक्यातल्या सगळ्या पत्रकार बंधूंना मी निरोप पाठवला आहे. गाडी आणायची नाही. सायकल नसेल तर पायी या, कुणाच्या घरची मागून आणा. माझी २०११ ची ती बातमी कात्रणासह सोबत आणतो, ज्यांना वाचायची असेल त्यांनी तिथे वाचावी.

पंक्चरचं सामान आणि हवेचा पंप माझ्याकडे आहे. पाण्याची बाटली आपापली आणा. भाचीची सायकल शनिवारीच जाऊन पाहतो, मागच्या चाकाला ब्रेक लागत नाही म्हणत होती.