ओळखीची खूण

दुकानाची पाटी दुकानदाराची. तिचा रंग त्याने बदलल्यास गिऱ्हाइकाने रागावण्याचे कारण काय, हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. तरीही मोबाइलवरील एखाद्या ॲपचे बोधचिन्ह बदलले, की केवढा गिल्ला होतो! मे २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने आपला तपकिरी कॅमेरा टाकून जांभळ्या-नारिंगी रंगावर नुसती पांढरी रेखाकृती आणली, तेव्हा लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचा निळा पक्षी उडाला, जागी ‘एक्स’ हे अक्षर आले आणि नावही तेच झाले. पण कित्येकांच्या तोंडी जुने नाव अद्यापि कायम आहे.

चार दिवसांत सवय होते, असे सांगून सुज्ञ मंडळी हा राग हसण्यावारी नेतात. इन्स्टाग्रामपुरते ते खरेही ठरले. परंतु सवय कोणास होते, हे पाहावयास नको काय?

ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलने जीमेल, कॅलेंडर, मीट इत्यादिकांच्या खुणा निळा, तांबडा, पिवळा व हिरवा अशा चार रंगांत नव्याने रंगविल्या. पूर्वी टपालास तांबडी किनार असलेला लिफाफा होता, दिनदर्शिका निळी होती, मीट हिरवे होते. आता दिवाळीत एकाच ताग्यातून कपडे शिवलेली भावंडेच जणू! कुटुंबाचे ऐक्य दिसले खरे. पण घाईच्या वेळी नेमके कोणास हाक मारावी? लोकांची तक्रार हीच होती, आणि आमच्या मते ती रास्त होती. खूण सुंदर असावी हे ठीक. पण ती आधी ओळखू यावी.

आमच्या काकूंचे वय ऐंशीच्या घरात आहे. निवृत्तिवेतन जमा झाले किंवा नाही, हे त्या बँकेच्या ॲपवर आपले आपण पाहतात. खालचे बारीक अक्षर त्यांस दिसत नाही. त्या ओळखतात तो गडद चौकोन. एके रात्री ॲप आपोआप अद्ययावत झाले आणि सकाळी तो चौकोन नाहीसा! जागी दुसरेच काही आलेले. काकूंनी त्यास बोट लावले नाही. अनोळखी खुणेस हात लावू नये, बँकांच्या नावाने खोटी ॲपे पसरवून लुबाडणारे पुष्कळ आहेत, असे आम्हीच त्यांना बजावले होते. तेव्हा त्यांचे वागणे शहाणपणाचेच म्हणावयाचे. तीन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी धाकट्या सूनबाईंस हळूच म्हणाल्या, “अगं, माझे पैसे आलेत का, जरा बघतेस?” आजवर हे त्यांनी कोणास विचारले नव्हते. त्यांना हे विचारावे लागणे म्हणजे काय, हे एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको.

उपाय काही अवघड नव्हता. आठ दिवस आधी जुनी व नवी खूण ॲपमध्येच शेजारी-शेजारी दाखविता आली असती. आयफोनवर तर २०१७ पासून ॲपकर्त्यास एकाहून अधिक खुणा ठेवून निवड वापरणारावर सोपविण्याची सोय आहे. नव्या चिन्हाच्या चित्रकारीवर जो खर्च होतो, त्याच्या मानाने हे काम ते केवढे!

असो. सूनबाईंनी काकूंस नवी खूण दाखविली. काकूंनी ती पहिल्या ओळीत, अगदी डाव्या कोपऱ्यात आणवून घेतली. पुन्हा रंग बदलला तरी कोपरा तोच राहील, असा त्यांचा हिशेब आहे.