डब्यात उरलेली पोळी

जूनमध्ये भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर नवी दप्तरं दिसू लागतात आणि घरोघरी दुपारी छोटे डबे उघडून पाहिले जातात. तशीच परत आलेली पोळी पाहून जीव तुटतो. तरी मला वाटतं, शाळेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत डब्यावरून मुलाशी झगडू नये. साधारण २ ते ६ या वयात अनोळखी अन्न नाकारणं स्वाभाविकच असतं. त्यात शाळेची वेळ, जागा, माणसं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. तोंड मिटून घेणं तेवढं मुलाच्या हाती उरतं. मुलांच्या खाण्याच्या सवयींच्या अभ्यासक लीअ‍ॅन बर्च यांच्या संशोधनातून दिसलं, की तोच पदार्थ सक्तीशिवाय पुन्हापुन्हा, कधी १०-१५ वेळा, चाखायला मिळाला तर आवडू लागतो; दडपण आणलं तर नावड वाढते.

‘आमच्या वेळी असले लाड नव्हते,’ असं आजी म्हणते. पण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेत येईनात म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. त्याला लाड कोण म्हणेल? सकाळची लोकल गाठणाऱ्या आईबापांकडे वेळ नसतो, हेही खरं. पण वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही: डब्यात ओळखीचं द्यावं, नवी भाजी रात्री सगळ्यांच्या ताटात चमचाभर वाढावी. वजन वाढेनासं झालं किंवा घास गिळताना त्रास होत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. तिथे वाट पाहत बसू नये.