थरथर कधी होते?

"मिस्त्री, क्लच गेलाय. प्लेट बदलून टाका." गाडी आत घेता घेताच काका म्हणाले. मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गाच्या आतल्या गल्लीत माझं गॅरेज आहे. तिथे येणारं गिऱ्हाईक बरेचदा निदान सोबत घेऊनच येतं. काकांची वॅगनआर सीएनजीवर चालणारी, रोजची फेरी मुलुंड ते अंधेरी. दुसऱ्या एका ठिकाणी प्लग आणि कॉइल बदलून झाले होते. पैसे गेले, थरथर मात्र तशीच होती.

"काका, थरथर कधी होते?"

"हळू चालवताना."

"हळू म्हणजे नेमकं कधी? उभी असताना, निघताना, दुसऱ्या गिअरवर रांगताना, की ब्रेक दाबल्यावर?"

ते जरा थांबले. "सिग्नल सुटला ना, की तेव्हा. क्लचवरून पाय उचलायला लागलो की सगळी गाडी हादरते. एकदा चालायला लागली की काही नाही."

एवढ्या उत्तराने माझं निम्मं काम झालं. उभ्या गाडीत एसी लावल्यावर थरथर असेल, तर मी आधी थ्रॉटल बॉडीत साठलेली काजळी बघतो. ब्रेक दाबल्यावरच असेल, तर डिस्क किंवा ड्रम. चालत्या गाडीला रेस दिल्यावर ती अडखळत असेल, तर ते मिसिंग. मिसिंगचा धक्का अनियमित असतो, चालता चालता ठेच लागावी तसा. क्लचची थरथर एका लयीत येते. प्लेटवर तेल उतरलेलं असतं किंवा लाइनिंग जळून काचेसारखं गुळगुळीत झालेलं असतं. मग प्लेट धरते, सुटते, पुन्हा धरते, आणि तो हादरा थेट सीटपर्यंत पोचतो.

काकांना शेजारी बसवून ट्रायल घेतली. आधी गॅसवर, मग पेट्रोलवर. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त जोर लागतो, म्हणून प्लग-कॉइलचा दोष गॅसवर आधी दिसतो आणि पेट्रोलवर पुष्कळदा झाकला जातो. इथे दोन्हींवर थरथर सारखीच होती. म्हणजे दोष ठिणगीचा नव्हता. मग गाडी रिव्हर्सला घेतली. ती लोण्यासारखी मागे आली.

इथे मी क्लचचा विचार बाजूला ठेवला. प्लेट खराब असती, तर रिव्हर्सलाही तिने आपला गुण दाखवला असता. पण पुढे निघताना इंजिन ज्या बाजूला रेटलं जातं, रिव्हर्सला त्याच्या उलट बाजूला जातं. एकाच दिशेला हादरा बसतोय, म्हणजे इंजिनाला त्या बाजूचा आधार उरलेला नाही.

बॉनेट उघडलं, हँडब्रेक ओढला. पोऱ्याला सीटवर बसवून ब्रेक दाबून ठेवायला सांगितला आणि पहिल्या गिअरवर क्लच अगदी थोडा सोडायला लावला. मी बाजूला उभा राहिलो; या तपासणीत गाडीच्या पुढे कधीही उभं राहायचं नसतं. क्लचने पकड घेताच इंजिन एका अंगाने उचललं गेलं आणि धप्पकन खाली बसलं. मग गाडी बंद करून इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवला, जॅकने भार घेतला, टॉमीने गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंटिंग, म्हणजे इंजिनाला धरून ठेवणारा रबरी आधार, हलकंच उचललं. लोखंडाला चिकटलेलं रबर मधोमध फाटलं होतं. बॅटरीच्या उजेडात त्या फटीतून पलीकडचं दिसत होतं.

क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, दिवस जातो. माउंटिंग तासाभरात झालं. तोच नाका, तोच सिग्नल, गाडी सरळ निघाली. काका काही बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डवर तळहात ठेवून बसले.

हे तपासणं मी कुर्ल्यात शिकलो. प्रीमियरच्या ज्या कारखान्यात पद्मिनी गाड्या तयार व्हायच्या, त्याच भागात नव्वदच्या दशकात मी एका उस्तादांच्या हाताखाली होतो. एक पद्मिनी टॅक्सी निघताना हादरायची. उस्ताद बाहेर गेलेले. मी स्वतःच ठरवून गिअरबॉक्स उतरवला. प्लेट चांगली निघाली. संध्याकाळी उस्ताद आले, गाडीखाली सरकले आणि प्रॉपेलर शाफ्ट हाताने पिळून बघितला. त्याचा क्रॉस ढिला झाला होता. ते मला रागावले नाहीत. गल्ल्यातून पैसे काढून त्यांनी टॅक्सीवाल्याच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई केली. पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर नाही, पण ते पैसे मोजणारे हात मला अजून दिसतात. न तपासता उघडलेल्या प्रत्येक नटाची किंमत कुणीतरी मोजत असतं.

आपल्या उपनगरातले रस्ते गाडीचा अंत पाहतात. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता जेमतेम 11 किलोमीटरचा, पण संध्याकाळी सीप्झपासून पवईपर्यंत गाडी हाफ क्लचवरच सरकत असते. साकीनाक्याला तेच, घाटकोपरला तेच. दर वेळी क्लच थोडा घासतो, इंजिन माउंटिंगवर थोडं ओढलं जातं. म्हणून सांगतो, चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक लावा. पुढे जागा झाली की मगच सरका. थरथरताना इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी पुढे रेटू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि तो फार महाग असतो.

आणि गॅरेजला याल तेव्हा काय बिघडलंय ते आम्हाला शोधू द्या. तुम्ही फक्त कधी होतं ते नीट बघून या: कोणत्या गिअरला, गॅसवर की पेट्रोलवर, गाडी थंड असताना की तापल्यावर, पुढे जाताना की मागे. मिस्त्री हे न विचारताच पाना हातात घेत असेल, तर त्याला थांबवा आणि आधी शेजारी बसवून एक चक्कर मारून आणा.