विल्यम्सपोर्ट : पाऊलभर अंतराचं गाव

मैत्रिणींनो, मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला गेलं की नायगारा होतो, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा होतो, पिट्सबर्गच्या व्यंकटेशाचं दर्शनही होतं. पण त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहॅना नदीच्या काठी विल्यम्सपोर्ट नावाचं एक बेताचं गाव आहे, तिकडे आपली माणसं सहसा वाट वाकडी करून जात नाहीत. तुमचा नातू किंवा नात तिथल्या शाळूसोबत्यांबरोबर बेसबॉल खेळत असेल, तर मात्र एकदा ऑगस्टमध्ये जाच. न्यू जर्सीहून मोटारीने तीन-साडेतीन तासांची वाट. शेवटचा रस्ता डोंगरातून जातो आणि फार सुरेख आहे.

गाव एकेकाळी लाकडाच्या व्यापारावर गब्बर झालेलं. वखारवाल्यांचे जुने वाडे वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर अजून उभे आहेत. त्याच रस्त्याने पुढे गेलं की एक छोटं मैदान लागतं. कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने 1939 साली या गावात लहान मुलांसाठी ‘लिटल लीग’ सुरू केली. आदल्या वर्षी अंगणात भाच्यांबरोबर चेंडू खेळताना लायलॅकच्या झुडपाला पाय अडखळून तो खरचटला म्हणे, आणि पाय धरून बसल्या बसल्या ही कल्पना त्याला सुचली! मोठ्यांच्या खेळात एका बेसपासून दुसरा बेस नव्वद फुटांवर असतो. लहानग्यांना ते कसं झेपायचं? म्हणून त्याने बेस मागेपुढे सरकवत, पोरांना पळवून पाहत अंतर ठरवलं. नीट फेकलेला चेंडू पळणाऱ्याच्या एखादं पाऊल आधी पोचला पाहिजे, अशा बेताने. ते भरलं साठ फूट.

आता तुम्हीच सांगा, जो खेळ मुळातच पाऊलभर फरकावर बेतला आहे, त्यात भांडणं होणार नाहीत तर काय होणार?

खेळ माहीत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा. चेंडू मारला की पहिल्या बेसकडे धावायचं. चेंडू आधी पोचला तर बाद, पाय आधी पोचला तर शाबूत. आपल्या क्रिकेटमधल्या रनआउटसारखंच. पण दोन्ही एकदमच पोचले तर? क्रिकेट पाहून पाहून आपल्याला पाठ असतं की संशयाचा फायदा बॅट्समनला. तिकडच्या आयाही तसंच ठासून सांगतात की बरोबरी झाली तर धावणारा शाबूत. गंमत अशी की नियमांच्या पुस्तकात ‘बरोबरी’ हा शब्दच नाही. पाय टेकण्यापूर्वी पहिल्या बेसवर चेंडू आला तर मारणारा बाद, असं लिहिलंय. म्हणजे एकदम आले तर तो वाचला. पण मागच्या गड्यामुळे ज्याला पुढे पळणं भाग पडतं, त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं छापलं गेलं ते नेमकं उलट्या बाजूने : चेंडूच्या आधी पोचला नाही तर बाद. म्हणजे एकदम आले तर हा मेला! वकिलांनी यावर खुशाल कीस काढावा. अंपायरला मात्र शिकवलेलं असतं की बरोबरी अशी नसतेच. काय आधी झालं ते ठरव आणि मोठ्याने सांग.

तो ठरवतो कसं, हे पाहण्यासारखं आहे. डोळे बेसवरच्या पायाकडे आणि कान हातमोज्याकडे. चेंडू मोज्यात बसल्याचा ‘थप्’ आधी की पाय आधी, एवढंच तो टिपतो. आपण बसतो लांब. दोनशे फुटांवरून तो ‘थप्’ आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा पाचवा-सहावा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात धावणारं पोर पाऊलभर पुढे गेलेलं असतं. म्हणजे आपल्याला तो शाबूत दिसतो, ते आपल्या जागेमुळे. शेजारची बाई तावातावाने ओरडायला लागली की ही गोष्ट जरूर आठवा.

नियमाचा खरा गाभा पुढेच आहे, बरं का. अंपायरने डोळ्यांनी पाहून जे ठरवलं, म्हणजे बाद की शाबूत, चेंडू टप्प्यात होता की नव्हता, त्यावर तक्रार चालत नाही. त्याने नियमच चुकीचा लावला असेल तर चालते. तीही फक्त मॅनेजरने, ज्याने निर्णय दिला त्याच अंपायरकडे जाऊन, पुढचा चेंडू पडण्याआधी.

‘इन्फील्ड फ्लाय’चंच घ्या. पहिल्या-दुसऱ्या बेसवर गडी उभे आहेत, दोन बाद अजून व्हायचे आहेत आणि चेंडू जवळच उंच उडाला. लबाड खेळाडू सोपा झेल मुद्दाम सोडून देऊन दोघांना बाद करू शकतो. ते होऊ नये म्हणून अंपायर आधीच पुकारतो आणि मारणारा बाद होतो, झेल घेवो की सोडो. अट एवढीच की झेल ‘साध्या प्रयत्नाने’ घेण्याजोगा हवा. दहा वर्षांच्या मुलाचा साधा प्रयत्न म्हणजे किती? ते अंपायरने ठरवायचं, तिथे बोलायची सोय नाही. पण एकट्या पहिल्याच बेसवर गडी असताना त्याने हा नियम लावला, तर मॅनेजरने अवश्य जावं. पुस्तक त्याच्या बाजूने आहे.

नदीपलीकडे साउथ विल्यम्सपोर्टला 1959 पासून जागतिक स्पर्धा भरते. 2022 पासून वीस संघ येतात, अर्धे अमेरिकेचे, अर्धे परदेशचे. तिथले अंपायर स्वयंसेवक असतात, मेहनताना घेत नाहीत. 2008 पासून काही निर्णय चित्रफीत पाहून तपासतात, 2010 मध्ये त्याची व्याप्ती वाढवली. गावोगावच्या मैदानांवर कुठला आलाय कॅमेरा! तिथे उन्हात उभा असतो कुणाचा तरी बाप किंवा काका, आणि त्याला शिव्या खाव्या लागतात. न्यू जर्सीतल्या डेप्टफर्डला असेच दोन स्वयंसेवक सोडून गेले, तेव्हा 2023 मध्ये तिथल्या लीगने फर्मान काढलं : अंपायरला जो टाकून बोलेल त्याने आधी तीन सामने अंपायर म्हणून उभं राहायचं, मगच मैदानात प्रवेश. मला तर हा उपाय फार पटला.

बायका यात कुठे आहेत, असं मनात येईलच. बर्निस गेरा ही न्यूयॉर्कची गृहिणी कोर्टात लढून 1972 साली धंदेवाईक बेसबॉलची पहिली स्त्री अंपायर झाली. जिनीव्हा गावी पहिल्याच सामन्यात दुसऱ्या बेसवरचा निर्णय तिने स्वतःच फिरवला. त्यावरून मॅनेजरशी खडाजंगी झाली आणि सामना संपताच तिने राजीनामा दिला. सोबतचे अंपायर साथ देत नाहीत, हे तिचं दुःख होतं. विल्यम्सपोर्टच्या स्पर्धेत 1989 ला बेटी स्पेझियाली उभी राहिली. सर्वांत मोठ्या लीगमध्ये बाई अंपायर यायला मात्र 2025 चा ऑगस्ट उजाडला : जेन पॉवोल.

स्पर्धेच्या तिकिटाला पैसे पडत नाहीत. मैदानामागच्या हिरव्या टेकडीवर चादर टाकून बसा. पोरं पुठ्ठ्यावर बसून वरून घसरत येतात, तेव्हा चहाचा थर्मास जरा सांभाळून ठेवा. छत्रीही हवीच. आणि परतताना वेस्ट फोर्थ स्ट्रीटच्या त्या जुन्या मैदानाकडे थोडा वेळ थांबा. ते साठ फूट साडीतल्या चालीने तीसेक पावलं भरतात.