शेवटी घट्ट होणारा

माझ्या टेबलावर मुठीएवढा, ओबडधोबड लोखंडी ठोकळा असतो. वरून खचलेला, मधे खळगा. कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय, असं बहुतेकांना वाटतं. तो रायझर आहे.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, ओतकामात माझं अर्धं आयुष्य गेलं. दरवर्षी जुलैत नवे इंजिनिअर रुजू होतात. त्यांना दोन शब्द सांगायला मला उभं करतात. अधूनमधून मोठ्या हुद्द्यावरची मंडळीही ‘नेतृत्व’ या विषयावर बोला म्हणतात. दोघांना सांगण्यासारखं माझ्याजवळ एकच आहे आणि ते या ठोकळ्याने शिकवलंय.

वितळलेलं लोखंड थिजताना आकसतं. कास्टिंगचा जाड भाग सगळ्यात उशिरा थिजतो, आणि आकसताना त्याला आणखी रस लागतो. तो पुरवायला साच्यात शेजारी रसाचा साठा ठेवतात, तो रायझर. त्याला एकच अट: कास्टिंग थिजेपर्यंत त्याने पातळ राहायचं. घनफळाला थंड होणाऱ्या पृष्ठभागाने भागलं की जो आकडा येतो, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात थिजायला वेळ लागतो. म्हणून रायझरचा हा आकडा जाड भागाच्या साधारण 1.2 पट धरायचा. रायझर आधी थिजला, तर आकसण्याची जागा कास्टिंगच्या पोटात पोकळी होऊन बसते. बाहेरून माल देखणा दिसतो. मशीनवर टूल लागल्यावरच खरं कळतं.

मी नुकताच मॅनेजर झालो होतो, तेव्हाची गोष्ट. एसजी आयर्नचा, म्हणजे मॅग्नेशियम देऊन चिवट केलेल्या लोखंडाचा, एक ब्रॅकेट गिऱ्हाइकाच्या मशीनवर भोकं दाखवू लागला. सकाळच्या मीटिंगमध्ये खुर्चीत बसता बसताच मी निकाल दिला, ‘‘वाळूत ओल जास्त झाली आहे, तिचा वायू होऊन भोकं पडतायत.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन आठवडे आम्ही वाळू सुकवत राहिलो, दर तासाला ओल मोजत राहिलो. माल परत येतच होता.

शेवटी एक परत आलेला तुकडा हातात घेऊन मी मोल्डिंगला गेलो. तिथे तात्या होते. पंचवीस वर्षं साचे भरलेला माणूस. त्यांनी भोकात नख फिरवलं आणि म्हणाले, ‘‘साहेब, ह्यो वायू न्हवं. वायूचं भोक आतनं गुळगुळीत असतंय. हे खरबरीत हाय. आतनं उपाशी ऱ्हायलंय.’’ मग त्यांनी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा भरतात तो नमुना, दाखवला. रायझर आणि कास्टिंग यांना जोडणारा नेक दुरुस्तीत बारीक करून घेतला होता. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करताना, रायझर हातोड्याने चटकन तुटावा म्हणून. बारीक नेक आधी थिजत होता. शेजारी रायझर रसाने भरलेला आणि कास्टिंग उपाशी.

‘‘तात्या, तीन आठवडे का बोलला नाहीत?’’

‘‘तुमी इचारलासा कुठं? तुमी सांगितलासा.’’

भोकाची भिंत बघून वायू की आकसणं हे ओळखायचं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहिलंही होतं. पण मी फोटो बघितला होता, तुकडा नाही. आणि मीटिंगमध्ये सगळ्यात आधी थिजलो होतो मी. साहेबाचं मत एकदा घट्ट झालं, की भोवतालच्यांजवळ जे असतं ते तिथंच राहतं. कुणी खोटं बोलत नाही, कुणी काही लपवत नाही. फक्त पोकळी आत जाते.

तेव्हापासून मीटिंगमध्ये सगळ्यात नवख्याने आधी बोलायचं आणि मी शेवटी. दुसरी शिकवण नेकची. साहेब मनाने कितीही मोकळा असला, तरी त्याच्यापर्यंत जायची वाट बारीक असेल तर त्याचा उपयोग नाही. ‘केबिनचं दार उघडं आहे’ म्हणून भागत नाही. दारातून आत यायला फेटलिंगचा माणूस धजत नाही. आपण उठून त्याच्याकडे जायचं.

माणसांबद्दलच्या मतालाही हेच लागू. शेजारच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली माळरानावर वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. लक्ष्मणरावांना आपला पहिला लोखंडी नांगर विकायला सुमारे दोन वर्षं लागली. पण मला त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीच्या रात्रीच्या राखणीला ठेवलं. जगाचं त्यांच्याबद्दलचं मत केव्हाच थिजलं होतं. लक्ष्मणरावांचं नव्हतं.

मात्र पातळ राहणं म्हणजे कायम लोंबकळत ठेवणं नव्हे. वाजवीपेक्षा मोठा रायझर म्हणजे वाया गेलेला रस आणि वीज. एसजी आयर्नला मॅग्नेशियम दिल्यावर साधारण दहा मिनिटांत ओतावं लागतं. उशीर झाला की त्याचा गुण उतरतो. ऐकून घ्यायलाही असंच घड्याळ हवं. आणि रसाजवळ पाणी सांडलेलं दिसलं तर कुणाचं मत विचारायचं नसतं, ओरडून माणसं मागे घ्यायची असतात.

नव्या पोरांना मी म्हणतो, पहिले सहा महिने फेटलिंगमध्ये काढा. सगळ्यांच्या चुका तिथं उघड्या पडतात. भोकात नख फिरवायला शिका. आणि वाईट बातमी साहेबाला त्याच पाळीत सांगा. ती शिळी झाली की महाग पडते. साहेब आधीच थिजलेला असेल तर? तुकडा हातात घेऊन जा. तुकड्याशी वाद घालणं अवघड असतं.

काम झालं की रायझर तोडतात. गिऱ्हाइकाकडे कास्टिंग जातं, रायझर दुसऱ्या दिवशीच्या भट्टीत. त्याच्या मधला खळगा म्हणजे त्याने दिलेला रस. वरून सपाट राहिलेला रायझर दिसला, की अनुभवी मोल्डर दचकतो: याने काही दिलंच नाही.

परवा एका नव्या मुलीने टेबलावरचा ठोकळा उचलून विचारलं, ‘‘सर, हे काय आहे?’’

उत्तर ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, ‘‘तुला काय वाटतं?’’